टाळूचं तेल

तंबाखू कमरेला लागली होती आणि बाया मिळत नव्हत्या. शेंडे खुडून झाले की पानांच्या बेचक्यांतून फुटवे उसळतात. ते वेळच्या वेळी मोडले नाहीत तर पान पोसत नाही, आणि पातळ पानाला निपाणीच्या वखारीत कुणी हात लावत नाही. घरचे कर्ते जिनाप्पा हे रोज सकाळी अंगणात उभे राहून कुणालाही उद्देशून नाही अशा सुरात बोलत, आणि घरातलं प्रत्येक माणूस ते आपल्यालाच म्हणताहेत असं समजून मान खाली घालत असे.

गावात बाया होत्या. पण कागलकडच्या कारखान्याची गाडी त्यांना फाट्यावरून उचलून न्यायची. तिथं पंख्याखाली उभं राहून पिशव्या भरायच्या. इथं दवानं भिजलेल्या तंबाखूत वाकायचं. चिकानं हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. चिंच चोळली तरी नखांतला काळेपणा जात नसे, आणि भाकरी कडू लागायची. त्यात यंदा अवकाळी पाऊस येऊन गेलेला. पानं सुकायचं नावच घेत नव्हती. ऊन चढेपर्यंत ओल्या पानांचं पाणी अंगात भिनायचं, डोकं भणभणायचं, आणि एकेक बाई बांधापलीकडं जाऊन ओकून यायची.

"औंदा पान डसतंय बगा आक्का," शालूबाई तोंड पुसत म्हणाली. ती या घराच्या रानात राबतच म्हातारी झालेली.

"पान कसलं डसतंय? सवय मोडलीया तुमची," जिनाप्पांची बायको राजमती म्हणाली. "कारखान्याच्या गाडीत बसायची सपनं पडाय लागल्यावर आनि काय व्हनार!"

शालूबाई हसली. न हसून कुठं जाणार होती?

दिव्या, या घरची सून, बांधावर बाभळीच्या सावलीत तान्ह्या धवलला मांडीवर घेऊन बसली होती. बेळगावात तिनं केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं. लग्नात त्याचं कौतुक झालं आणि नंतर त्याचा विषयच निघाला नाही. आता तिचं सगळं शिक्षण धवलवर खर्च होत होतं. तो झोपला की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा. रानातून आलेल्या माणसानं हात धुतल्याशिवाय त्याला उचलायचं नाही. "आमाला काय रोग झालाय?" म्हणून नवरा, श्रेयांस, एकदा खवळला होता. तरी ती म्हणाली, "आधी साबण लावा." त्यानं साबण लावला, आणि मग दोन दिवस पोराला उचललंच नाही.

तेलाची कल्पना तिचीच. दिवाळीला माहेरी गेली तेव्हा अनगोळात कल्याणीकडं गेली होती. कल्याणी तिची कॉलेजची मैत्रीण. घरीच साबण तयार करून विकायची. तिनं धवलसाठी एक बोटभर बाटली दिली, आणि मोठ्या निळ्या कॅनमधलं थोडं तेल वासाला पुढं धरलं.

"हे बाटलीतलं खरं लॅव्हेंडर. कॅनमधलं लॅव्हेंडिन. त्याच कुळातलं, पण संकरित. पीक दांडगं येतं, तेल भरपूर निघतं. फरक बघ."

दिव्यानं दोन्ही हुंगली. पहिला वास मऊ, फुलं पाण्यात भिजत घातल्यासारखा. दुसरा तसाच सुरू व्हायचा आणि मग कापरासारखा थेट कपाळात जायचा.

"ह्यात कापराचा अंश जास्त," कल्याणी म्हणाली. "साबणाला चालतं, फरशी पुसायच्या पाण्यात चालतं, गोधड्यांच्या पेटीत बोळा ठेवलास तर कसर लागत नाही. खोबरेलात मिसळून चोळलं तर गुडघे, पाठ मोकळी होते. डोकं चढलं असेल तर रुमालावर थेंबभर. पण धवलच्या आसपास नको हं. कापूर तान्ह्यांना झेपत नाही. फिट येते."

दिव्यानं कॅन आणला तो पेटीतल्या गोधड्यांसाठी. बाया ओकताना बघून मात्र तिला राहवलं नाही. खोबरेलात मिसळून तिनं एका वाटीत ते रानात नेलं, एकेकीच्या कानशिलाला लावलं, पदराच्या टोकाला थेंब दिला.

"अगं बया!" बाळाबाई म्हणाली. वीस बायांचा आवाज तिच्या एकटीच्या गळ्यात होता. "आता घरात पाय टाकला की मालक म्हनतील, कुठल्या लॉजवर जाऊन आलीस गं?"

"तुझ्या मालकाला लॉज कुठला ठावा? गुत्ता ठावा हाय," शालूबाई म्हणाली.

तंबाखूत हशा पिकला. आणि खरोखर, त्या दिवशी बांधापलीकडं कमी बाया गेल्या. पोटातलं ढवळणं त्या वासाखाली बसायचं. संध्याकाळी पाठीला चोळलं की सकाळी उठताना पाठ धरत नसे. चार-पाच दिवसांत कारखान्याच्या गाडीतल्या दोघी या रानात आल्या. राजमतीनं ते बरोबर हेरलं.

"फुटवं निघूस्तवर जी येईल तिला ह्या तेलाची एकेक बाटली द्यायची," तिनं जेवताना ठरवून टाकलं. जैनाचं घर, सूर्य बुडायच्या आत ताटं उरकायची घाई होती, तरी ती थांबून म्हणाली, "नाव काय म्हनालीस त्याचं?"

"लॅव्हेंडिन."

"लॅव्हेंडरच म्हनूया. टीव्हीत तेच म्हनत्यात."

औषधाच्या दुकानातून रिकाम्या बाटल्या आल्या. दिव्यानं त्या उकळून वाळवल्या, कॅनमधलं तेल त्यांत ओतलं. मिसळायला तेवढं खोबरेल कुणी आणू दिलं नाही, "बायांच्या घरात खोबरेल न्हाय व्हय?" असं राजमतीनं विचारलं. मग दिव्या कागदाच्या पट्ट्या कापून लिहायला बसली.

श्रेयांसनं मागून वाचलं. "'खोबरेलात मिसळून लावा.' हे बरं हाय. 'लहान मुलांना लावू नका.' हे कशाला?"

"कापूर असतो त्यात."

"इखाची बाटली वाटतीया अशानं. उद्या बाया विचारतील, वैनी, पोराला चालत न्हाय ते आमच्या अंगाला कसं चालतंय? काय सांगनार हाईस?"

"खरं ते सांगेन."

"मग फुटवं बी तूच काढ."

"तोंडानं सांग की गं," राजमती आतून म्हणाली. "त्यांस्नी वाचाय कुठं येतंय? उगं कागुद चिकटवून घरादाराला घोर लावतीस."

तोंडानं सांगता येईल, हे दिव्यालाही पटलं. किंवा पटवून घेणं सोपं होतं. पट्ट्या चुलीत गेल्या.

शालूबाईची लेक रचना पहिलटकरीण, माहेरी बाळंत होऊन तिथंच राहिलेली. तिची ओवी पाच महिन्यांची झाली तशी ती आईबरोबर रानात येऊ लागली. बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, ओवीला त्यात टाकायचं, आणि एकेक सरी संपली की येऊन पाजायचं. पाजायच्या वेळी दिव्या तिला कळशीतल्या पाण्यानं हात धुवायला लावी, आणि ती निमूट धूत असे. दोघी शेजारी शेजारी पदराखाली पोरं घेऊन बसत. रचना दिव्यापेक्षा चार वर्षांनी लहान. बोलताना मात्र "वैनी" आणि "तुमी".

एकदा तिनं धवलचं डोकं हुंगलं. "किती ग्वाड वास येतोय वैनी! काय लावतासा?"

"लॅव्हेंडर. खोबरेलात एक थेंब घालते. आत्ती त्यानं टाळू भरतात." सासूला ती आत्ती म्हणे.

"म्हनून झोपतोय व्हय गपगार. आमची बया रातभर किरकिरतीया." रचनानं ओवीच्या टाळूवर ओठ टेकले. "निस्तं खोबरेल घालून मुरतच न्हाय बगा. टाळू कशी उडतीया अजून."

दिव्या हसली. पोरांच्या टाळूबद्दल दोघींना सारखीच भीती वाटते, याचं तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

बाटल्या वाटायचा दिवस राजमतीनं सणासारखा केला. नेसूचं बदललं, बाटल्या ताटात मांडल्या, आणि बांधावर उभी राहिली. एकेक बाई काळे हात पदराला पुसून पुढं येत होती.

"नुसतं लावू नका हं," दिव्या मोठ्यानं म्हणाली. "खोबरेलात मिसळा."

"आमच्या मालकाला बी मिसळू काय वैनी?" बाळाबाईनं विचारलं, आणि सगळ्या हसत सुटल्या. दिव्याचं दुसरं वाक्य ओठांवर होतं. राजमतीनं ताटावरून तिच्याकडं एकवार पाहिलं. रागानं नव्हे, दागिने मोजताना बघावं तसं. वाक्य आत गेलं.

रचनाची पाळी आली. तिनं बाटली कमरेला खोचली आणि दिव्याकडं बघून, दोघींच्यातली गोष्ट असल्यासारखी हसली.

"लॅव्हेंडरच न्हवं वैनी?"

"हो," दिव्या म्हणाली.

उद्या पाजायच्या वेळी हिला नीट सांगू, असं तिनं मनात म्हटलं. एवढ्या बायांच्यात एकटीलाच बाजूला घेतलं तर बरं दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी धवलला थोडी कणकण होती, म्हणून ती रानात उशिरा गेली. पोहोचली तेव्हा शालूबाई झोळीपाशी बसून हाका मारत होती. "ओवे! ए ओवे! अगं, डोळं बघ कशी करतीया ही!"

दिव्यानं धवलला बांधावर ठेवलं आणि झोळीत हात घातला. ओवीचं अंग ताठ होत होतं, ढिलं पडत होतं, पुन्हा ताठ होत होतं. तोंडाच्या कडेला फेस. डोक्यावर कुंची, आणि हनुवटीखाली तिचा बंद घट्ट बांधलेला. दिव्या जवळ वाकली. वास थेट कपाळात गेला.

"तंबाखू लागली पोरीला," बाळाबाई ओरडली. "हिच्या हातानं लागली. किती येळा सांगितलं, हात धूत जा!"

"धुतलं हुतं मी," रचना म्हणाली. तिच्या हातात मोडलेले फुटवे तसेच होते. "धुतलं हुतं की गं!"

धवलला राजमतीनं उचललं. श्रेयांसनं गाडी काढली. मागच्या सीटवर शालूबाई, रचना, आणि दिव्याच्या मांडीवर ओवी. दिव्यानं कुंची सोडली. केस तेलानं चप्प बसले होते, ओघळ कपाळावरून भुवईत, भुवईतून नाकाकडं आलेला. तिनं पदरानं पुसायला सुरुवात केली. नाक पुसलं, ओठ पुसले, टाळू पुसली, जोर न लावता, पुन्हा पुन्हा. पोरीच्या अंगातून ते जितकं कमी होईल तितकं बरं, हे तिला कळत होतं. आणि पुसता पुसता दुसरंही कळत होतं: दवाखान्यात पोचेपर्यंत वास उरणार नाही.

आरशातून श्रेयांस तिच्याकडं बघत होता. त्यालाही वास आलेला.

निपाणीच्या दवाखान्यात पोरीला आत नेलं. नर्सनं आधी कानडीत विचारलं, मग मराठीत. डॉक्टर तरुण होते, सकाळपासूनच्या गर्दीनं आंबलेले. रचनाचे हात बघूनच त्यांनी ठरवलं.

"तंबाखूत काम करतासा? त्याच हातानं पाजलीस?"

"तंबाखूच लागलीया सायेब," शालूबाई रडत म्हणाली.

श्रेयांस दिव्याच्या कानाशी आला. "त्येच म्हनत्यात तर म्हनू दे. औषध एकच असतंय सगळ्याला. तू गप ऱ्हा."

औषध एकच नसतं, हे दिव्याला ठाऊक होतं. पडद्याआडून ओवीच्या घशातला आवाज येत होता, पाण्यात बुडबुडे यावेत तसा. दिव्यानं श्रेयांसचा हात दंडावरून काढला.

"डॉक्टर, तंबाखू नाही. लॅव्हेंडिनचं तेल आहे. कापूर असतो त्यात. टाळूवर घातलंय, न मिसळता. नाकात गेलं असणार."

डॉक्टरांनी वळून बघितलं. मग सगळं भराभर झालं. डोकं साबणानं धुतलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन बदललं. बऱ्याच वेळानं तो बुडबुड्यांचा आवाज थांबला आणि ओवी रडली. साधं, भुकेलं रडणं. शालूबाई तिथंच फरशीवर बसली.

डॉक्टर बाहेर आले. आता त्यांना बोलायला सवड होती.

"कुणी घातलं ते तेल?"

"मी," रचना म्हणाली.

"टाळूवर काय घालायचं कळत न्हाय? मोबाईल वापराय येतोय, रील बघाय येतंय, आणि एवढं कळत न्हाय? वास चांगला आला की घालायचं पोराच्या डोस्क्यावर? आई हाईस का कोण हाईस?"

रचना पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. "कुठून आणलंस?" असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं एकदा श्रेयांसकडं पाहिलं, एकदा दिव्याकडं, आणि म्हणाली, "घरात हुतं."

एक श्वास घेण्याइतका वेळ होता. दिव्यानं श्वास घेतला. श्रेयांसनं गाडीची किल्ली हातात वाजवली.

"तुम्ही होतात म्हणून बरं झालं," डॉक्टर तिला म्हणाले. "एक तरी शिकलेलं माणूस सोबत होतं."

त्या रात्रीपासून दिव्याला अन्न गोड लागेना. धवलला छातीशी धरलं की ओवीचं ताठ अंग हाताला आठवायचं. घरात कुणी काही बोललं नाही. उरलेल्या बाटल्या कुठं गेल्या ते तिनं विचारलं नाही. कॅन मात्र गोठ्यात पोचला होता, फरशी धुवायला. कडोलीहून तिची आई फोनवर म्हणाली, "आवाज का असा गं?" दिव्या म्हणाली, "झोप होत नाही. दात येताहेत त्याला."

गावात मात्र रोज बोलणं होत होतं, रचनाबद्दल. तिच्या नवऱ्यानं फोन करून सगळ्यांसमोर तिला झाडलं. सासूनं निरोप धाडला की पोर नीट होईतो आमच्या दारात येऊ नको. पाणवठ्यावर बाळाबाई तिला "डागदरीण बाई" म्हणून हाक मारत होती.

ओवीला घरी आणल्यावर शालूबाई सकाळी कामाला निघायच्या आधी अंगणात आली. मागं रचना, कडेवर ओवी. रानाला निघालेल्या बाकीच्या बायाही थांबल्या. शालूबाईनं पदरातून हरभऱ्याचा कोवळा पाला काढून दिव्यापुढं धरला.

"दुसरं काय हाय वैनी आमच्यापाशी? तुमी बोलला नसतासा तर पोर गेली असती."

दिव्याचे हात पुढं झाले नाहीत.

"शालूबाई, चूक रचनाची नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा आला. सोप्यात श्रेयांस दाढी करायचा थांबला. "आम्ही दिलं ते तेल धवलला लावतो ते नव्हतं. वेगळं होतं. लहान मुलांना चालत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. मी सांगितलं नाही. तिनं मला विचारलं होतं, हेच का म्हणून, आणि मी हो म्हटलं. चूक माझी आहे. आमच्या घराची आहे."

राजमती दारात आली होती, हातात परडी.

बाळाबाईनं तोंडाला पदर लावला. "ऐकलासा गं?" ती म्हणाली. "मोठ्या मनाची मानसं अशी असत्यात. दुसरी असती तर म्हनली असती, मरा तिकडं."

"तसं नाही," दिव्या म्हणाली. "खरंच सांगतेय मी. मला माहीत होतं."

"व्हय, व्हय," शालूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग ती लेकीकडं वळली आणि तिच्या दंडाला हिसका दिला. "बघ भवाने! तुझ्यापायी वैनी स्वतःच्या अंगावर घ्यायल्यात. एवढं शिकलेलं मानूस, तुला झाकाय खोटं बोलतंय. काय कमावलीस?"

"शालूबाई, ऐका ना..."

"सून आमची हळवी हाय," राजमती पायरी उतरत म्हणाली. पहिल्या क्षणी ताठलेली तिची मान आता सैल झाली होती. "पोरगी दवाखान्यात असल्यापास्नं धड जेवली न्हाय. घे गं तो पाला, मनापास्नं आनलाय."

रचना पुढं आली. ओवीला आईकडं देऊन ती वाकली आणि तिनं दिव्याच्या पायाला हात लावला. चिकानं काळे पडलेले, आज मुद्दाम घासून लाल केलेले हात. दिव्या मागं सरली. मागं भिंत होती.

"असं नगा बोलूसा वैनी," रचना खालच्या खाली म्हणाली. "सगळी अडानी म्हनत्यात ते सोसतंय. तुमी असलं बोललासा की तोंड दावाय जागा ऱ्हात न्हाय."

मग तिनं ओवीला पुन्हा घेतलं, थोडं थांबली, आणि दिव्याच्या हातात दिली. "दीसभर तुमच्यापाशीच असू दे. झोळीत टाकाय भ्या वाटतंय."

"चला, ऊन वर आलं," जिनाप्पा रस्त्यावरून ओरडले. बाया पदर खोचत निघाल्या. एकही मागं राहिली नाही. फाट्यावर कारखान्याच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला, आणि कुणी तिकडं वळून पाहिलं नाही.

राजमतीनं हरभऱ्याचा पाला परडीत घेतला. दिव्याजवळून जाताना ती थांबली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात सुनेबद्दल आदर होता.

"बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "अक्कल हाय तुला. असं बोललं की मानसं बांधून ऱ्हात्यात. आता तंबाखू वखारीत जाईस्तवर कुठं जात न्हाईत ह्या."